मोरपिशी विंडचीटर

बाबांच्या कंपनीतल्या जुन्या खाकी पॅंटचे दोन पाय कापून आईनं माझ्या सायकलला पिशव्या केल्या. पाय मांडीपासून कापले, खालच्या मोहऱ्या दुहेरी शिवण मारून बंद केल्या, वरच्या तोंडाला नाडा ओवला आणि दोन्ही पाय एका रुंद पट्ट्यानं जोडले. पट्टा कॅरिअरवर टाकला की एक पाय इकडं, एक पाय तिकडं. सामान भरल्यावर ते असे काही फुगायचे, की मागून येणाऱ्याला वाटावं, कुणीतरी बिचारा कॅरिअरवर पालथा पडलाय आणि ही पोरगी त्याला घाटी दवाखान्यात घेऊन निघालीय. मला ते दिसत होतं, आईला दिसत नव्हतं. ती शिवण दोन्ही हातांनी ताणून बघायची आणि म्हणायची, "दगडं भर, नाय उसवायचं." उसवलं नाहीच म्हणा. उसवलं असतं तर मी सुटले असते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला खेडकर सर म्हणून आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायला होते. त्यांनी हिवाळ्यात सायकल सहल काढली. औरंगाबादहून निघायचं, दौलताबाद, खुलताबाद करत वेरूळला पहिला मुक्काम, दुसरा कन्नडच्या पुढं त्यांच्या मित्राच्या शेतात, तिसऱ्या दिवशी परत. राहायचं तंबूत. (आता शहराचं नाव बदललं, पण मी ज्या गावातून सायकल काढली त्याला मी त्याच नावानं हाक मारणार, कुणाला राग आला तर येऊ द्या.) सरांनी वर्गात उभं राहून काय काय आणायचं ते सांगितलं: अंगाखाली घालायला काहीतरी जाड, पांघरूण, ताटली, पाण्याची बाटली, बॅटरी आणि वारा अडवणारं जाकीट. "जाकीट पाहिजेच," सर म्हणाले, "कन्नडच्या घाटाकडचा वारा स्वेटरमधून आरपार जातो." मुलींत चौघींनी नावं दिली. मी दिलं ते बाबांच्या जिवावर. शेजारच्या बायकांनी लगेच आईला गाठलं, "अवं, पोरांसंगं रातच्याला मुक्काम?" बाबा ओट्यावर दाढी करत होते. गालाला फेस तसाच ठेवून म्हणाले, "जाऊ द्या तिला. आम्ही नाय गेलो कुठं, तिनं तरी जावं." आणि तीन दिवस स्वतः चिकलठाण्याला कंपनीत पायी जायचं ठरवून त्यांनी आपली काळी उंच सायकल मला देऊन टाकली.

आमचं घर भावसिंगपुऱ्यात, दोन खोल्यांचं. पहिल्या खोलीत आईचं शिलाई मशीन. साड्यांना फॉल, ब्लाउज, शाळेचे गणवेश असं ती शिवायची. तो मशीनचा आवाज बंद झाला की घरात काहीतरी झालं असं समजायचं: कुणी आलं, सुई मोडली किंवा आईला रडू आलं. त्या आठवड्यात मशीन माझ्यासाठी चाललं. सीटवर घालायला तिनं जुन्या घोंगडीची तीन पदरी गादी शिवली. माझी सलवार चेनमध्ये अडकू नये म्हणून बाबांनी जुन्या ट्यूबचे दोन पट्टे कापले, घोट्याला घट्ट बसतील असे. झोपायच्या पिशवीसाठी आईनं युरिया खताची दोन नायलॉनची पोती धुतली, तीन पाण्यांतून काढली, उन्हात वाळवली आणि आमची वाकळ दुमडून त्यांच्यात बसवली. तीन बाजू शिवलेल्या, एक उघडी, आत सरकायला. ओल वर येणार नाही, थंडी आत येणार नाही. काम फक्कड होतं. पण पोत्यावरची अक्षरं काही जाईनात. धुऊन धुऊन फिकट झाली, तरी वाचता येत होती. माझ्या छातीवर बरोबर मध्ये यायचं: हूक वापरू नका.

जाकिटाचं मात्र काही केल्या जमेना. आईनं अस्तराचं जाड कापड घेऊन एक शिवून बघितलं. त्यात मी बँडपथकातल्या माणसासारखी दिसत होते, आणि वाराही अडत नव्हता. गुलमंडीवरच्या दुकानांत तयार मिळायची, पण ती आमच्या आवाक्यातली नव्हती, आणि जुनं काही घ्यायचं तर आमच्या घरात बंदीच होती. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे आजोबा देवगाव रंगारीकडच्या एका खेड्यात राहायचे. गावातल्या बड्या घरांचे विटके सदरे, कोपरं गेलेले कोट, कुणी मेलं की त्याच्या अंथरुणावरचं कापड, हे सगळं वरून त्यांच्या ओंजळीत टाकलं जायचं आणि तेच घरभर अंगावर चढायचं. धम्म घेतला त्या हिवाळ्यात आजोबांनी आपला एकुलता एक गरम कोट, असाच मिळालेला, दारात जाळला. बाबा तेव्हा लहान होते. लोकर जळताना केस जळल्यागत वास येतो, असं ते सांगायचे. मग म्हणायचे, "त्या साली तुझ्या आज्याला लई थंडी वाजली, पण माणूस बोलला नाय." त्या दिवसापासून आमच्यात दुसऱ्याचं उतरलेलं अंगाला लावायचं नाही, हा कायदा झाला. वर्षाला एकच कपडा आला तरी चालेल, पण दुकानातून, नवा, घडी न मोडलेला. मामेबहिणीचा फ्रॉकसुद्धा मी कधी घातला नाही.

सहलीच्या आधीच्या रविवारी आई मशीनच्या सुया आणायला म्हणून बाजारात गेली आणि दोन दिवसांनी तिनं कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढं धरलं. म्हणाली, "सुजे, हे बघ. तुझ्या मामानं धाडलं पिंपरीवरून. त्याचा दोस्त आलता, स्टँडवर दिऊन गेला." आत विंडचीटर होता, मोरपिशी रंगाचा. आतून पांढरं मऊ अस्तर, पुढं लांब चेन, उभी कॉलर, कॉलरला दोन गुंड्या, आणि आतल्या बाजूला फुलाफुलांच्या कापडाचा एक छोटा कप्पा. मी तो अंगात घातला आणि आरशासमोरून हललेच नाही. बाबांनी कॉलर दोन बोटांत धरून बघितली. "नवंय का?" "नवंच की," आई सुई ओवता ओवता म्हणाली. "परवासात मळलं व्हतं, म्हणून रॉकेलच्या डब्यात पाणी उकळून एकदा काढलं." "मेव्हण्याला पत्र टाकलं पाहिजे," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "टाकू की. घाई काय पळून चालली?"

आईनं पहाटे उठून धपाटे केले, तीळ लावून, तीन दिवस टिकतील असे. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा. घरभर खमंग वास. बाबांनी सायकलच्या चेनला तेल घातलं, ब्रेकचे रबर बदलले आणि मला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला आले, माझ्यामागं चालत, कॅरिअरला हात लावून. फाटकात सगळे जमले होते. सगळ्यांनी माझ्या पिशव्या बघितल्या. मग राहुल नावाचा एक वात्रट मुलगा होता, त्यानं कॅरिअरभोवती चक्कर मारली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सुजाता, वरचं धड कुठाय यांचं?" सगळे खदाखदा हसले. बाबाही हसले, कारण त्यांना वाटलं, कौतुक चाललंय. मी विंडचीटरची चेन गळ्यापर्यंत ओढली. त्याच्यात असले की मी बाकीच्यांसारखी दिसते, एवढाच मला आधार होता. पॅंटचे पाय, ट्यूबचे पट्टे, घोंगडीची गादी हे सगळं त्या मोरपिशी रंगानं झाकलं जातंय, अशी माझी समजूत.

वेरूळच्या मुक्कामी झोपायची पिशवी पसरली आणि राहुलनं बॅटरीच्या उजेडात ती अक्षरं मोठ्यांदा वाचली. तेव्हापासून माझं नाव युरिया पडलं. "ए युरिया, पाणी दे." "युरियाला हूक लावू नका रे." मी चिडायचे, हातातला चमचा फेकून मारायचे, पण आत फार लागलं नाही. त्यात वाईट बुद्धी नव्हती. मुलींच्या तंबूत माझ्याशेजारी संध्या होती. ती पाटबंधारे खात्यातल्या इंजिनिअरची मुलगी, सरकारी बंगल्यात राहणारी. लेडीज सायकल नवी कोरी, पायात कॅनव्हासचे बूट, चुलतभावाची खरीखुरी स्लीपिंग बॅग. पोरगी मात्र साधी. खुलताबादच्या घाटात आम्ही दोघींनी सायकली ढकलत नेल्या, तेव्हा तिनं माझी चटणी मागून मागून खाल्ली आणि स्वतःची चिक्की दिली. तिच्याकडं सगळं होतं, विंडचीटर तेवढा नव्हता. "माझा होता एक, पण चोरीला गेला," ती म्हणाली होती. "तारेवरून नेला कुणीतरी. आई म्हणाली, तीन दिवसांसाठी स्वेटर बास."

मागच्या महिन्यात माझी नात घरी आली होती. ती आणि तिच्या मैत्रिणी सायकलनं कोकणात जाणार, तंबू ठोकून राहणार. तिनं पलंगावर सगळं मांडून दाखवलं: गादी लावलेली चड्डी, मुठीत मावणारं जाकीट, कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या. मी जाकीट हातात घेतलं, तर म्हणाली, "आजी, नवीन नाही ते. फोनवर एका मुलीकडून घेतलं, वापरलेलं. स्वस्तात पडलं. आता सगळे असंच घेतात, नवीन घेणं म्हणजे उगाच शायनिंग." मी जाकीट खाली ठेवलं. तिला काही सांगायला तोंड उघडलं, ते जमेना. मग चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. पोरीनं चूक काहीच केलं नव्हतं. म्हणून तर लिहायला बसले.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही कन्नडच्या पुढं शेतात पोचलो. साखर कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येत होता. शेतकऱ्यानं आगटी पेटवून ठेवली होती, हुरडा भाजायला. सर हातावर कणसं चोळून देत होते, आणि गरम दाणे, गूळ, लसणाची चटणी असं आमचं चाललं होतं. सूर्य गेला आणि वारा सुटला. सरांनी सांगितला होता तसाच, आरपार. संध्याचे दात वाजायला लागले. तिच्या स्वेटरला मोठमोठ्या विणीची भोकं होती, वारा कसला अडतोय! मी आगटीच्या उबेला होते, पोटात हुरडा होता, मनात नवीन मैत्रीण होती. मी चेन उघडली आणि विंडचीटर काढून तिच्या अंगावर टाकला. "घे. मला नाय वाजत." कुणाला काहीतरी देता येतं आपल्याला, या गोष्टीचा केवढा आनंद झाला होता मला! खोटं कशाला सांगू, सगळ्यांनी बघावं असंही वाटत होतं.

संध्यानं हात बाह्यांत घातले, चेन ओढली आणि थंडीनं हात आत काखेकडं नेले. तिची बोटं त्या आतल्या कप्प्यावर गेली. ती थांबली. चेन परत उघडली, आतली बाजू आगटीच्या उजेडाकडं केली आणि बघत राहिली. मग हळू म्हणाली, "सुजाता, हा तू कुठून घेतला?"

"मामानं पाठवला. पिंपरीहून."

"रंग बघून मला वाटलं, असे पुष्कळ असतात. पण हा कप्पा मी लावलाय," ती म्हणाली. "आमच्या पडद्याचं कापड आहे हे. शिवणाच्या तासाला लावला होता, एक बाजू वाकडी गेली होती. ही बघ." ती बाजू खरंच वाकडी होती. आईसारखी शिवणारी बाई असा वाकडा कप्पा तसाच कसा राहू देईल, असं मला आधीही वाटलं होतं. पण मामाकडून आलेल्या वस्तूला आई हात लावत नसेल, अशी मी समजूत घातली होती.

"तुझा तर चोरीला गेला होता ना?" राहुल पलीकडून म्हणाला. त्याच्या तोंडून ते निघून गेलं, आणि निघाल्यावर त्यालाच कसंतरी झालं. पण शब्द पडला होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी परत म्हणाले, "मामानं पाठवलाय. देवाशपथ." आमच्या घरात देवाची शपथ घेत नाहीत, पण त्या वेळी मला दुसरी सुचेना. आवाज चढला, रडू फुटलं, आणि रडू फुटलं की माणूस खोटाच वाटतो. सरांनी हुरडा खाली ठेवला. ते चांगले होते हो, त्यांना कुणाला दुखवायचं नव्हतं. त्यांनी विंडचीटर संध्याकडून घेतला, घडी केली आणि आपल्या पिशवीत घातला. "घरी गेल्यावर बघू. तोवर माझ्याकडं राहू दे," ते म्हणाले. कुणीतरी हळूच आपलं पाकीट खिशातून काढून बघितलं आणि परत ठेवलं. मी ते पाहिलं. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर मला कुणी युरिया म्हटलं नाही. सगळे एकदम नीट वागायला लागले, "सुजाता, तुला पाणी हवंय का," असं विचारायला लागले. परतीच्या वाटेवर मी सगळ्यांच्या पुढं राहून सायकल हाणली, म्हणजे माझ्या मागं काय बोलतात ते ऐकायला येऊ नये. अंगात नुसता कुडता, पहाटेचा वारा, डोळ्यांतून पाणी. थंडीचं म्हणून खपून जात होतं.

घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर वाटच बघत होते. "आली का कन्नड जिंकून?" मी सायकल भिंतीला टेकवली आणि आत गेले. आई मशीनवर होती. "आई," मी म्हणाले, "मामाला विचार, जाकीट कुठून घेतलं. मला चोर म्हणतात." आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाबा दारात येऊन ऐकत होते. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चोर? माझ्या पोरीला? आत्ताच्या आत्ता पत्र लिहितो मेव्हण्याला. दुकानाची पावती घेऊन ये म्हणतो, आन् त्या मास्तरच्या तोंडावर…" ते कागद शोधायला लागले. मशीन थांबलं.

"पत्र नका लिहू," आई म्हणाली.

"काहून?"

आईनं फॉलची साडी मांडीवर गोळा केली. "मी जाफर गेटच्या बाजारातून आणलं ते. बोहारणीच्या ढिगातून." जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात स्टीलची भांडी द्यायची, असा धंदा करणाऱ्या त्या बायका. घरोघर जमवलेले कपडे रविवारी जाफर गेटला ढीग लावून विकतात. "लई चांगलं दिसलं. कुणी वापरलेलं वाटना. पोरगी नुसत्या सुती कापडात घाटात जाणार, म्हणून… चेन बदलली, गुंड्या नव्या लावल्या, दोनदा उकळत्या पाण्यातून काढलं."

बाबांनी कागद शोधणं सोडलं. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले, पायांतल्या चपला काढल्या, परत घातल्या. "उतरलेलं," ते म्हणाले, "माझ्या पोरीच्या अंगावर." मग आईला म्हणाले, "हे कुणाला बोलायचं नाय. चोरी केली नाय, हे आपल्याला ठाव हाय. बास."

"आपल्याला ठाव असून काय करायचं?" आई उसळली. एवढ्या मोठ्या आवाजात बाबांशी बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. "ती रोज जाणार हाय तिथं. तुमचा मान राहील आन् पोरगी चोर ठरंल. मी जाते त्या पोरीच्या घरी."

बाबांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आईनं धुवट साडी नेसली आणि मला घेऊन संध्याच्या बंगल्यावर गेली. मला जायचं नव्हतं. वाटेत मी दोनदा म्हणाले, "आई, मामानंच दिलं असं सांग ना, मामा जुनं घेऊन आला असं सांग." ती नुसती चालत राहिली. संध्याची आई मागच्या अंगणात तुळशीजवळ होती. घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं. आईनं नमस्कार केला आणि सरळ सांगून टाकलं, ढीग, बाजार, बोहारीण, सगळं. "बाई, तुमी ते बोहारणीला दिलं व्हतं का, तेवढं सांगा. माझ्या पोरीचा सवाल हाय."

त्या बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आधी घराकडं पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दिलं होतं हो. संध्याला लहान होत होतं. तिला देववलं नसतं, म्हणून मी चोरीला गेलं म्हणाले. साहेबांनापण तेच सांगितलंय. त्यांना दारावरचा असला देण्याघेण्याचा प्रकार खपत नाही." आईचा जीव भांड्यात पडला. "मग तेवढं मास्तरला सांगा," ती म्हणाली. बाईंनी पुन्हा घराकडं पाहिलं. "सांगेन. हळूहळू सांगेन संध्याला. एकदम आता… समजून घ्या ना. पोरीसमोर मी खोटी पडेन." मग त्यांना माझी कणव आली असावी. त्या आत गेल्या आणि एक लाल स्वेटर घेऊन आल्या, घडी घातलेला, स्वच्छ. "हा घे बाळा. संध्याला आता बसत नाही, तुला छान होईल."

त्या मनापासून देत होत्या. त्यात कुचकेपणाचा लवलेश नव्हता. मी आईकडं पाहिलं. आईनं हात जोडले, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. तिच्या बापाला चालत नाय." आम्ही निघालो. फाटकाबाहेर आल्यावर आई एका झाडाखाली थांबली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. मला तिची लाज वाटत होती, माझी वाटत होती, त्या बाईंची वाटत होती. इतकी लाज की चालताना पाय एकमेकांत अडकत होते. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणाल्या?" आईनं जसंच्या तसं सांगितलं, लाल स्वेटरसकट. बाबा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिला तास खेडकर सरांचा होता. मी शेवटच्या बाकावर एकटी, संध्या पुढं तिसऱ्या बाकावर. सर फळ्यावर काहीतरी काढत होते आणि दारात बाबा उभे राहिले. अंगात लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. पहिली पाळी बुडवून आले होते. "आत येऊ का सर? मी सुजाताचा बाप."

सर गडबडले. "या ना. आपण बाहेर बोलू."

"नको सर. पोरांसमोर झालं, पोरांसमोरच बोलतो." ते आत आले, वर्गाकडं तोंड करून उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना सरळ, शाळेत कविता म्हणायला उभं करतात तसे. "ते जाकीट मी आणलंय," ते म्हणाले. "जाफर गेटच्या बाजारातून. जुन्या कपड्यांच्या ढिगातून. कुणाचं तरी…" त्यांनी घसा साफ केला. "कुणाचं तरी उतरलेलं. पोरीला काय माहीत नव्हतं. आम्ही तिला मामानं दिलं म्हणून सांगितलं. ते बाजारात कसं आलं, मला माहीत नाय."

त्यांना माहीत होतं. आणलं कुणी, हेही माहीत होतं. त्यांनी आईचं नाव घेतलं नाही, त्या बाईंचंही घेतलं नाही. राहुल वहीत डोकं घालून बसला होता. संध्याची फक्त पाठ मला दिसत होती. तिनं कपाळ बाकाला टेकवलं. मी काय करत होते? मी माझ्या बाकावरची एक रेघ नखानं कोरत होते आणि बाबांनी लवकर जावं असं मनात म्हणत होते. देवगाव रंगारीच्या त्या दारात जळलेला कोट, बाबांचा सगळा जन्म, सगळा कायदा, या पोरांना त्यातलं काय कळणार होतं? त्यांना एवढंच दिसत होतं, की युरियाचा बाप ढिगातले कपडे आणतो.

सरांनी कपाटातून विंडचीटर काढून बाबांच्या हातात दिला. "माफ करा," ते म्हणाले. बाबांनी तो घेतला. आधी मला वाटलं, ते तो तिथंच टाकून देतील. ते बाकांच्या मधून चालत माझ्यापर्यंत आले आणि तो माझ्यासमोर धरला.

"घाल," म्हणाले. "चोरीचं नाय ते."

मी उभी राहिले. हात बाह्यांत घातले, चेन गळ्यापर्यंत ओढली. सगळा वर्ग मागं वळून माझ्याकडं बघत होता. बाबांना तेवढं बघवलं नाही. ते फळ्याकडं तोंड करून उभे होते. मी खाली बसल्याचा आवाज आल्यावर त्यांनी सरांना "येतो" म्हटलं, आणि तसेच, मान न वळवता, वर्गाबाहेर गेले.